तिसरीचं पहिलं सत्र: घरी काय घ्यायचं, कधी आणि कोणत्या क्रमाने

माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीच्या वहीत मला हे गणित दिसलं: ५२ − ३७ = ५. अक्षर सुंदर, खाडाखोड नाही, हातचा घेतल्याची खूणही नीट केलेली. तिला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "कसं केलंस, मला सांग बरं." ती म्हणाली, "बाई, तुम्ही सांगितलं वरच्या पाचाचा चार करायचा. आजोबांनी सांगितलं खालच्या तीनाचा चार करायचा. मी दोन्ही केलं. चारातून चार गेले शून्य."

आजोबांची रीत बरोबर होती आणि वर्गातलीही. पण दोन्ही एकाच गणितात आल्या आणि पोरीचं उत्तर दहाने चुकलं. दरवर्षी असं होतं. घरची माणसं मनापासून शिकवतात, फक्त वर्ग कुठवर आलाय ते न बघता शिकवतात. म्हणून हा क्रम लिहिते आहे. तो मराठी माध्यमाच्या तिसरीचा आहे, जूनच्या मध्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचा. एक नियम सगळ्या टप्प्यांना लागू आहे: घराने वर्गाच्या एक पाऊल मागे चालायचं. जे वर्गात होऊन गेलं तेच घरी पक्कं करायचं. पुढचा धडा आधी उरकायचा नाही.

## तयारी: पहिल्या आठवड्यात

पुस्तक तपासा. शेजारच्या ताईचं जुनं पुस्तक घेणार असाल तर आधी त्याच्या आवृत्तीचं वर्ष बघा. राज्याचा अभ्यासक्रम बदलतो आहे. पहिलीचं पुस्तक २०२५-२६ मध्ये बदललं आणि बाकीच्या इयत्ता टप्प्याटप्प्याने त्यामागून येत आहेत. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकाची पीडीएफ मोफत मिळते, ती फोनमध्ये असू द्या. मूल पुस्तक शाळेत विसरलं तर अडत नाही.

एक डबा करा. त्यात साधारण दोनशे काड्या (खराट्याचे हीर कापून घेतले तरी चालतात), रबरबँड, आणि १००, १० व १ रुपयाच्या खेळातल्या नोटा ठेवा. जुन्या लग्नपत्रिका टाकू नका, त्यांच्या जाड कागदाची अंकांची कार्डं छान होतात. शंभराची कार्डं तीन अंक मावतील एवढी रुंद (१००, २०० ते ९००), दहाची दोन अंकांएवढी (१०, २० ते ९०) आणि सुट्यांची एका अंकाएवढी (१ ते ९).

घरची वही वेगळी ठेवा. शाळेच्या वहीत घरचा सराव करून घेऊ नका. मुलाने वर्गात स्वतः काय केलं ते मग आम्हाला कळत नाही.

वेळ: रोज वीस ते पंचवीस मिनिटं, रात्रीच्या जेवणाआधी. पुण्यात या सत्रात पालख्यांचा मुक्काम आहे, गणपतीचे दहा दिवस आहेत, मुसळधार पावसाने मिळालेली एखाददुसरी सुट्टीही असते. एखादा दिवस बुडाला तर बुडू द्या. रविवारी दोन तास बसवून तो भरून काढायचा प्रयत्न करू नका.

> सावध: अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला गेलात की सोबत गाईड आणि दोन-तीन सरावपुस्तिकाही पिशवीत येतात. पहिल्या सत्रात त्यांची गरज नाही. छापील उत्तर हाताशी असलं की मूल विचार करायचं थांबतं, आणि खरं सांगायचं तर पालकही थांबतात.

"आज काय शिकवलं?" असं विचारू नका, उत्तर "काही नाही" असंच येतं. "बाईंनी आज फळ्यावर काय काढलं होतं?" असं विचारा. किंवा सरळ शाळेच्या वहीचं शेवटचं लिहिलेलं पान उघडा. वर्ग कुठवर आलाय ते तिथे दिसतं.

## टप्पा १: संख्यांची नावं (जून)

पालक इथे थांबतच नाहीत. "हे तर दुसरीतच झालं" म्हणून थेट बेरजेवर उडी मारतात. पण तिसरीत चुकणाऱ्या गणितांपैकी कितीतरी गणितांत बेरीज ठीक असते, मुलाने संख्याच चुकीची लिहिलेली असते.

मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. "पंचवीस" म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना मात्र दोन आधी. मूल ऐकतं त्या क्रमाने लिहितं. त्रेसष्टचे ३६ होतात, बावन्नचे २५. यात मुलाचं दुर्लक्ष नसतं, त्याचा कान आणि हात उलट्या दिशांनी चाललेले असतात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये "वीस एक" अशी वाचनाची जोडपद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. सरावासाठी मात्र ती मला उपयोगी वाटते. मुलाला आधी "साठ आणि तीन" म्हणू द्या, मग "त्रेसष्ट". दोन्ही नावं एकाच संख्येची आहेत हे कानात बसलं की उलटापालट थांबते.

मूल इंग्रजी माध्यमात असेल तर घरी आजीने बोललेले आकडे आणि वर्गातले आकडे यांचा क्रमच वेगळा असतो. त्या मुलांना हा टप्पा आणखी आठवडाभर जास्त द्या.

"एकोण" स्वतंत्रपणे घ्या. एकोण म्हणजे एक उणा. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, ५९. मुलं "साठ" ऐकतात आणि ६९ लिहितात. काड्यांच्या सहा जुड्या समोर ठेवा, एका जुडीतून एक काडी काढून घ्या आणि विचारा, आता किती? २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९, ८९ ही सगळी याच घरातली. ९९ मात्र नव्याण्णव, तिथे एकोण नाही. ते मुलालाच शोधू द्या, फार आनंद होतो.

तपासा: या दहा संख्या क्रम मोडून बोला आणि लिहून घ्या: ५९, ३६, ६३, ४५, ५४, ७९, ८९, ९८, २५, ५२. दहाच्या दहा बरोबर आल्या तर पुढे जा. एक-दोन चुकल्या तर त्या दोनच आणखी चार दिवस घ्या.

## टप्पा २: शतक आणि मधलं शून्य (जुलै)

दहा काड्यांची एक जुडी, दहा जुड्यांचा एक गठ्ठा. गठ्ठा मुलाने स्वतःच्या हाताने बांधला पाहिजे. शंभर काड्या मोजून बांधायला पंधरा मिनिटं लागतात, मूल मध्ये एकदा चुकतं, पुन्हा मोजतं. ती पंधरा मिनिटं वाया जात नाहीत.

मग तीनशे दोन लिहायला सांगा. बरीच मुलं ३००२ लिहितात. ऐकलं तसं लिहिलं: तीनशे, मग दोन. इथे लग्नपत्रिकेची कार्डं काढा. ३०० चं कार्ड खाली ठेवा. २ चं छोटं कार्ड त्याच्यावर, उजव्या कडेला चिकटून. शेवटचं शून्य झाकलं जातं आणि ३०२ दिसतात. छोटं कार्ड उचललं की शून्य परत दिसतं. हे मुलाला चार-पाच वेळा करू द्या. "शून्य कुठे गेलं?" या प्रश्नाचं उत्तर त्याने बोटाने दाखवायला हवं.

एखाद्या रविवारी पर्वतीला जात असाल तर पायऱ्या मोजत चढा. दर दहा पायऱ्यांना एक खडा खिशात टाकायचा. वर गेल्यावर खडे आणि उरलेल्या पायऱ्या मिळून संख्या सांगायची. उतरताना पुन्हा मोजायच्या आणि दोन्ही आकडे जुळतात का ते बघायचं.

तपासा: ४०७, ४७०, ७०४ ही तीन कार्डांनी मांडता आली, वाचता आली आणि लहानमोठी लावता आली तर टप्पा झाला.

## टप्पा ३: हातच्याची बेरीज (जुलैचा शेवट)

आधी बिनहातच्याची दोन-चार गणितं. मग ४७ + ३८, पण वहीत नाही, काड्यांनी. सात आणि आठ मिळून पंधरा सुट्या काड्या होतात. त्यांतल्या दहांची जुडी बांधायची आणि ती दशकांच्या घरात सरकवायची. ही सरकवलेली जुडी म्हणजे हातचा. काड्या तीन दिवस, चौथ्या दिवशी काड्यांचं चित्र, त्यानंतर नुसते अंक. क्रम हाच ठेवा.

नेहमीची चूक: ४७ + ३८ = ७१५. मुलाने पंधरा पूर्ण लिहिले, मग चार अधिक तीन सात. असं दिसलं की उत्तर खोडू नका. "सत्तेचाळीस रुपये आणि अडतीस रुपये मिळून सातशेच्या वर जातील का?" एवढंच विचारा. अंदाज आधी करायची सवय याच आठवड्यात लावा.

> सावध: "हातचा एक" म्हणताना तो एक कशाचा आहे हे मुलाला सांगता आलं पाहिजे. "एक दहाचा" असं उत्तर आलं नाही तर काड्यांकडे परत.

## टप्पा ४: हातच्याची वजाबाकी (ऑगस्ट)

सत्रातला सगळ्यात अवघड टप्पा हाच. तीन आठवडे धरा आणि घाई करू नका.

घरातल्या सगळ्यांनी एकच रीत धरा, वर्गातली. आज वर्गात ५२ मधला एक दशक सुटा करतात. पाच दशकांचे चार होतात, दोन सुट्यांचे बारा. बारातून सात गेले पाच, चारातून तीन गेला एक. उत्तर १५. जुन्या रीतीत वरच्या सुट्यांना दहा द्यायचे आणि त्याच्या बदल्यात खालच्या दशकात एक मिळवायचा: बारातून सात गेले पाच, तीन आणि एक चार, पाचातून चार गेले एक. तेही १५. आजोबांना हा परिच्छेद जरूर वाचून दाखवा. त्यांचं चुकत नाही, पण ते नातवाला त्यांनी चौथीनंतर सांगावं. तोवर मुलाची स्वतःची रीत पक्की झालेली असते, आणि तेव्हा दुसरी रीत बघण्यात खरी मजा येते.

घरी याच क्रमाने घ्या:

१. नोटांनी दुकान-दुकान. मुलाकडे दहाच्या पाच नोटा आणि एक-एकच्या दोन. "मला सदतीस रुपये दे." दोनात सात भागत नाहीत. दहाची नोट मोडून आणायला त्याला पेटीपर्यंत चालत जाऊ द्या. "मोडून आणणे" ही क्रिया शरीराने झाली की डोक्यात राहते.

२. तेच काड्यांनी. जुडीचं रबर काढायचं, सुट्या करायच्या.

३. शेजारी वहीत मांडणी. प्रत्येक हालचालीनंतर लगेच तेवढीच खूण. जुडी सोडली की पाच खोडून चार. आधी सगळ्या काड्या आणि मग सगळं लेखन, असं नको.

४. नुसती मांडणी, दिवसाला पाच गणितं. त्यांत एक मुद्दाम बिनहातच्याचं घाला. नाहीतर मूल गरज नसताना हातचा घेत सुटतं.

५. शेवटी शून्याची: ३०० − १४६. इथे मोठी माणसंही अडखळतात. शंभराच्या तीन नोटा आहेत, दहाची एकही नाही. म्हणून आधी शंभराची एक मोडून दहाच्या दहा, मग त्यांतली एक मोडून एक-एकच्या दहा. हातात राहिले २ शतकं, ९ दशकं, १० सुटे. उत्तर १५४. "शून्याचा नऊ होतो" असा मंत्र आधी देऊ नका. तो नऊ कुठून आला हे मुलाने एकदा नोटांत पाहू द्या.

नेहमीच्या दोन चुका. एक, ५२ − ३७ = २५: मुलाने लहान अंक मोठ्यातून वजा केला, सातातून दोन. अशा मुलाला आणखी वीस गणितं देऊन काही होत नाही, त्याला पायरी १ वर परत न्या. दुसरी वर सांगितलेली, दोन रीतींची सरमिसळ. तिथे मुलाशी नंतर, आधी घरातल्या मोठ्यांशी बोला.

तपासा: उत्तरात खालची संख्या मिळवून बघायची. १५ + ३७ = ५२. ही पडताळणी मुलाने स्वतः करायची, तुम्ही "बरोबर" म्हणायच्या आधी.

## टप्पा ५: पाढे (सत्रभर, रोज पाच मिनिटं)

बे एके बे, बे दुणे चार हे तालात म्हणणं चांगलंच आहे, ते थांबवू नका. पण अनेक मुलांना सात चोक विचारलं की ती सात एकेपासून सुरू करतात. त्यांना चाल पाठ असते, पाढा नाही.

नारळाच्या वड्या थापल्या की ताटात सुरी फिरवण्याआधी मुलाला बोलवा. चार ओळी, प्रत्येक ओळीत सहा. किती होतील? मग ताट पाव फिरवा. आता सहा ओळी, प्रत्येकीत चार. वड्या तेवढ्याच. चार सख आणि सहा चोक दोन्ही चोवीस का, हे तिथे न सांगता कळतं. यातूनच पाठांतराचं ओझं जवळजवळ निम्मं होतं.

क्रम असा ठेवा: २, ५, १०, मग ३, ४, मग ६, ९, शेवटी ७ आणि ८. वर्गात क्रम वेगळा असेल तर वर्गाचा धरा.

तपासा: उलटं विचारा. "अठ्ठावीस कोणाकोणाच्या पाढ्यात येतात?"

## टप्पा ६: घड्याळ

यासाठी वेगळं बसायची गरज नाही, पण भिंतीवर काट्यांचं घड्याळ हवं. मुलं "पावणेसहा" ऐकून ६:४५ लिहितात. पावणे म्हणजे पाव उणे, सहाला पाव तास कमी, ५:४५. एकोणसारखंच हे. सव्वा, साडे, पावणे घरी मुद्दाम बोला. "पाच पंचेचाळीसला निघू" ऐवजी "पावणेसहाला निघू" म्हणा. दीड आणि अडीचला साडेएक, साडेदोन म्हणत नाहीत हेही सांगा.

## टप्पा ७: वाचन आणि लेखन

पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा वाचला म्हणजे वाचन आलं असं समजू नका. दहा वेळा ऐकलेला धडा पाठ होतो. न पाहिलेला मजकूर द्या: वर्तमानपत्रातली छोटी बातमी, किराण्याच्या पुड्यावरचा मजकूर, दुकानाच्या पाट्या. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थासह वाचता यावा असं ध्येय धरलं आहे. वर्षाच्या अखेरीस, हे लक्षात घ्या. जुलैत स्टॉपवॉच लावून बसू नका.

मूल अडलं की मनात तीन अंक मोजा, मगच सांगा. बहुतेक वेळा दोनावरच ते स्वतः वाचतं.

रच्या जोडाक्षरांना दोन दिवस द्या. सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या: एकच र, चार रूपं. "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे डोंगरांमधल्या. दोन्ही शब्द लिहून मोठ्याने म्हणायला लावले की फरक कानाला कळतो.

लेखनात या सत्रात ऱ्हस्व-दीर्घाचे दोनच नियम पुरेत. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: पाणी, वस्तू, कवी, गुरू ("आणि" हा अपवाद). आणि फूल पण फुलाला, पीठ पण पिठाला. वाचताना लेखनाच्या चुका काढू नका, ही दोन कामं दोन वेगळ्या दिवशी.

## टप्पा ८: परिसर अभ्यास

हा विषय प्रश्नोत्तरं पाठ करून घेण्याचा नाही, आणि नेमकं तेच घरोघरी चालतं. दिशांपासून सुरुवात करा. सकाळी सूर्याकडे तोंड केलं की समोर पूर्व, उजव्या हाताला दक्षिण, डाव्या हाताला उत्तर. वर्गात नकाशा भिंतीवर टांगलेला असतो, म्हणून मुलांना उत्तर म्हणजे "वर", आभाळाकडे, असं वाटतं. घरी नकाशा जमिनीवर पसरा आणि त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे फिरवा. मग सिंहगड कुठल्या बाजूला असेल ते हाताने दाखवायला सांगा. पुण्यातून तो नैऋत्येला आहे.

यानंतर घर ते शाळा असा नकाशा मुलाने काढायचा. तुम्ही रेषा सरळ करून देऊ नका. वाकडा पण त्याचा स्वतःचा नकाशा आम्हाला जास्त सांगतो.

पावसाळ्यात एक प्रश्न शहर आपणहून देतं. शहरात पाऊस थांबलेला असतो, तरी मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली असतो. का? मुलाला दोन दिवस विचार करू द्या. मग टेमघर, वरसगाव, पानशेत ही वरची धरणं आणि त्यांच्या खालचं खडकवासला एका चित्रात काढा. वर डोंगरात पाऊस पडला, धरणं भरली, खडकवासल्यातून पाणी सोडलं, ते मुठेतून शहरात आलं. पुढे संगमावर मुठा मुळेला मिळते. त्या चित्रात नदी, धरण, पाणीपुरवठा आणि पूर सगळं आलं.

> सावध: हे दुरून, सुरक्षित जागेवरून बघायचं. पाणी सोडलेलं असताना नदीपात्रातल्या रस्त्यावर मुलांना नेऊ नका.

## टप्पा ९: सत्राची चाचणी आणि नंतर

२०१० पासूनच्या मूल्यमापन पद्धतीत तिसरी-चौथीला आकारिक मूल्यमापनाला ६० टक्के आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला ४० टक्के भार आहे. वर्गातलं बोलणं, प्रात्यक्षिक, उपक्रम, गृहपाठ हे सगळं आकारिकात येतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घरात तणाव करून तुम्ही लहान भागासाठी मोठा भाग बिघडवता. आणि उपक्रम आई-बाबांनी रात्री बसून बनवलेला असला की आम्हाला तो बघताक्षणी ओळखू येतो.

तपासलेला पेपर हातात आला की गुण बघायच्या आधी चुका तीन ढिगांत टाका: प्रश्न नीट वाचला नाही, रीत चुकली, रीत बरोबर पण आकडेमोड चुकली. पहिल्या ढिगाला टप्पा ७, दुसऱ्याला काड्या-नोटा, तिसऱ्याला फक्त पडताळणीची सवय. पालकसभेला हे तीन ढीग घेऊन या. "आमचा मागे का पडतोय?" या प्रश्नावर दोन मिनिटांत मी फारसं सांगू शकत नाही. "हातच्याच्या वजाबाकीत शून्य आलं की अडतो" असं म्हणालात तर त्याच दोन मिनिटांत उपाय सांगता येतो.

दिवाळीच्या सुट्टीत नवीन काही घेऊ नका. फराळाच्या सामानाची यादी मुलाने लिहायची, दुकानदाराने सांगितलेले भाव त्याने ऐकून टिपायचे, बेरीज करायची आणि पाचशेच्या नोटेतून किती परत येतील ते आधी सांगायचं. संख्यांची नावं, शून्य, हातचा, पडताळणी सगळं त्या एका यादीत येतं. जिथे तो अडेल ती जागा टिपून ठेवा आणि दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवशी वहीत चिठ्ठी घालून पाठवा.